बेशरमावरचा वाल

श्रीरंगराव चांदूरकरांच्या हातून आयुष्यात एकच गोष्ट अशी झाली की जिची साऱ्या कॉलनीने वाहवा केली, आणि तीच पुढे साऱ्या कॉलनीच्या बोकांडी बसली.

पासष्ट सालची लढाई पेटली तेव्हा कारखान्याच्या क्वार्टरांमागे खंदक खणले गेले. विमान आलं तर बायकापोरांनी त्यात जाऊन बसायचं. खंदक झाले, पण वरून हुकूम आला की ते आकाशातून दिसता कामा नयेत. कॉलनीच्या संरक्षण समितीचे अध्यक्ष भय्यासाहेब देवताळे. गळ्यात शिट्टी अडकवल्यापासून त्यांना साधं बोलता येत नसे, फक्त आज्ञा देता येत. त्यांनी विचारलं, "आता एवढ्या घाईत हिरवळ आणायची कुठून?"

श्रीरंगराव सहसा बोलत नसत. कारखान्यात दिवसभर तोफगोळ्यांना माप लावायचं, बसला तर इकडे, नाही बसला तर तिकडे. या कामात बोलण्यासारखं काही नसतं. पण त्या दिवशी ते बोलले. "अधारतालच्या काठी बेशरम माजून राहिलाय. फांद्या तोडून आणू अन् खोचून देऊ. लागते बरोबर."

लागतेच. बेशरमाची काडी उलटी खोचा, सुलटी खोचा, खोचायचं विसरून नुसती चिखलात टाकून जा, ती लागते. गाय तोंड लावत नाही, बकरी वास घेऊन पुढे जाते. पाऊस होताच. पंधरवड्यात खंदक असे झाकले गेले की विमानाला सोडा, क्वार्टरातल्या लोकांनाही सापडेनात. तालमीच्या दिवशी भोंगा झाला तेव्हा भय्यासाहेब स्वतः शिट्टी वाजवत खंदकाच्या पलीकडे निघून गेले आणि नाल्याच्या कडेला जाऊन पडून राहिले. फिकट जांभळी फुलं आली तेव्हा बायकांनी ती फुलदाणीतसुद्धा ठेवली.

एकच बाई खूश नव्हती. विभावरी, श्रीरंगरावांची बायको. तिचं माहेर वरुडचं. क्वार्टरामागच्या परसात तिचा वालाचा वाफा होता आणि त्या वालाचं बी माहेराहून आलेलं. दाणा मोठा, पाठीवर तांबूस रेघ, आणि भाजीला अशी चव की शेजारच्या राधाबाई वाटी घेऊन येताना कारण सांगत नसत. लढाई थांबली. खंदक ढासळले. बेशरम मात्र खंदकातून कुंपणाशी आणि कुंपणातून वाफ्याशी आला.

"तुम्ही आणला, तुम्हीच काढा," ती म्हणे.

"रविवारी काढतो."

रविवारी श्रीरंगराव खरंच काढत. त्यात त्यांची कुचराई नव्हती. पण उपटलेल्या फांद्या ते नाल्यात टाकून येत, आणि नाल्याच्या दोन्ही कडांना पुढच्या पावसात बेशरमाचं जंगल उभं राही. एकदा तर त्यांनी चांगल्या सरळ काड्या निवडून वालाच्या वेलाला आधार म्हणून रोवल्या. विभावरी माहेरून परतली तेव्हा काड्यांना पालवी फुटली होती आणि वाल बिचारा त्यांच्यामध्ये पाहुण्यासारखा अंग चोरून उभा होता. ती हसून हसून दाराच्या पायरीवर बसली. म्हणाली, "राधाबाई, या हो या, बघा. यांनी चोराला घराची राखण दिली अन् मांजराला दुधाची."

अशी बरीच वर्षं गेली. एकाहत्तरच्या वैशाखात विभावरी गेली. आजारपण लांबलं नाही. चैत्रात दवाखान्यात नेलं आणि ती परत आली नाही.

लोकांना वाटलं, श्रीरंगराव कोसळतील. ते कोसळले नाहीत. तेराव्यानंतर डबा घेऊन कामावर गेले. गोळ्याला माप लावलं, बसला तर इकडे, नाही बसला तर तिकडे. राधाबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊजी, थोडं रडून घ्या. असं साचवून ठेवू नये." श्रीरंगरावांनी मान डोलावली. त्यांनी प्रयत्नही करून पाहिला, खोटं नाही. पण खूप वेळ मांडी घालून बसल्यावर पाय जसा परक्याचा वाटतो, तसं आतून सगळं परक्याचं झालं होतं. मुलगी विनीता कॉलेजात शिकत होती. ती भाजीत मीठ टाकायला विसरली तरी ते जेवून उठत. दुप्पट टाकलं तरी जेवून उठत. शेवटी तिने स्वतःच चाखून बघायला सुरुवात केली.

आषाढात राधाबाईंनी आठवण केली. "वाल पेरायचा नं भाऊजी? त्यांचं बी आहे ना?"

बी डब्यात होतं. विनीताने झाकण उघडलं तर आतून भुंगे चालत बाहेर आले, सावकाश, घरच्यासारखे. एकेका दाण्याला भोक, खाली पिठाचा थर. दरवर्षी चैत्रात विभावरी बियांना राख चोळून, लिंबाचा पाला घालून डबा बंद करायची. यंदाच्या चैत्रात ती दवाखान्यात होती. राख चोळायचं कोणाला सुचलं नव्हतं.

"बाबा, एक भी नहीं बचा," विनीता म्हणाली. तिला अवघड काही बोलायचं असलं की ती मराठी सोडून हिंदीत जायची.

"अच्छा," श्रीरंगराव म्हणाले आणि डबा तिच्या हातून घेऊन चुलीत रिकामा केला. वरुडला आता कोणी राहिलं नव्हतं. विभावरीचा भाऊ शेत विकून अमरावतीला गेला होता. म्हणजे हा वाल संपला. हेही त्यांना कळलं, पण दुसऱ्याच्या घरची बातमी कळावी तसं.

यंदा वाफ्याकडे कोणी फिरकलंच नाही, तेव्हा बेशरमाने वाफा पुरता गिळला. दिवाळी उलटल्यावर एका सकाळी विनीता कपडे वाळत घालायला मागे गेली आणि ओरडत आली. "बाबा! सेम! अपनी वाली! वालाला फुलं आली आहेत!"

गेल्या वर्षीची एखादी शेंग मातीत तडकली असेल. त्यातला दाणा आपला आपण उगवला होता आणि चढायला दुसरं काही नाही म्हणून बेशरमावरच चढला होता. वाफ्याच्या मधोमध बेशरमाचं मोठं झुडूप, आणि त्याला अंगभर गुंडाळून वालाचा एकुलता एक वेल, पांढऱ्या फुलांनी भरलेला. श्रीरंगराव बराच वेळ बघत राहिले. बेशरम उपटावा तर वेल तुटतो. ठेवावा तर बेशरम वाढतो. त्यांनी काहीच केलं नाही. नंतर मात्र ते रोज कामावरून आले की चपला न काढता आधी मागे जात, पानांच्या पाठी उलटून मावा बघत, दिसला तर बोटाने पुसत आणि मग घरात येत.

डिसेंबरात पुन्हा लढाई पेटली. खिडक्यांना काळे कागद लागले. कारखान्यात दुप्पट काम आलं. भय्यासाहेबांची शिट्टी पेटीतून निघाली, आणि या वेळी हुकूम उलटा होता. शत्रूचे लोक छत्र्यांनी उतरून झाडीत लपतात म्हणे. तेव्हा कॉलनीभोवतीची झाडीझुडपं सगळी साफ. पासष्टला आपल्याला लपायला लावलेलं एकाहत्तरला त्यांना लपायला नको म्हणून काढायचं होतं. वरच्यांचं वरच्यांना ठाऊक. या हुकमाची वाहवा कोणी उघड केली नाही, तरी कॉलनीला मनातून आनंदच झाला.

नाल्याकडून तोडत तोडत मंडळी श्रीरंगरावांच्या परसाशी आली. पुढे भय्यासाहेब, मागे कॉलनीचा माळी नथ्थू, हातात कुऱ्हाड.

"श्रीरंगराव, तुमचाच तर हा पराक्रम! आज सुटका. चल नथ्थू."

श्रीरंगराव झुडपासमोर उभे होते. ते बाजूला झाले नाहीत.

"काहून हो? हटा की."

"हे राहू द्या," श्रीरंगराव म्हणाले.

"राहू द्या? साऱ्या कॉलनीत बेशरम तुम्ही लावला, अन् आता सगळा काढून राहिलो तर एक राहू द्या? आठवण म्हणून?"

"शेंगा वाळेपर्यंत. माघापर्यंत."

"माघापर्यंत लढाई थांबते का तुमच्या शेंगांसाठी?" भय्यासाहेबांनी वर पाहिलं, जणू छत्री आत्ताच उतरते आहे. "अहो, यात माणूस लपला तर?"

"बाबूजी, जामें तो बिलैया न छिप पाहै," नथ्थू म्हणाला, म्हणजे यात मांजरसुद्धा लपायचं नाही, आणि कुऱ्हाड खांद्यावर टाकून हसला.

"तू चूप रे."

राधाबाई कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. "भय्यासाहेब, तो त्यांचा वाल आहे. त्यांच्या घरातल्यांचा. एकच वेल उरलाय जगात."

भय्यासाहेबांनी गळ्यातली शिट्टी बोटांत फिरवली. पण हुकूम हुकूमच. "बरं. संध्याकाळी मोठे साहेब पाहणीला येणार. तेव्हा इथे बेशरम दिसायला नको. वाल दिसला तर मला वालाबद्दल हुकूम नाही. बघा काय ते."

ते गेले. श्रीरंगरावांनी आयुष्यात पहिल्यांदा आजाराची रजा काढली आणि आजारी न पडता परसात बसले. कैची, विळा, सुतळीचा गुंडा. बेशरमाची एक फांदी बुडाशी कापायची, वेलाचे वेढे बोटांनी हळूच सोडवायचे, फांदी बाजूला काढायची. पण फांदी गेली की वेल खाली लोळायला लागे. त्याला धरायला काहीतरी हवं होतं. बांबू बाजारात मिळाला असता, पण बाजार लांब, बडा फुहाऱ्याला, आणि वेल हातातून सोडायची सोय नव्हती. बेशरमाची काडी तर ते आता जन्मात रोवणार नव्हते.

"विनीता," त्यांनी हाक मारली. "खाटेचे मच्छरदाणीचे दांडे काढून आण."

"कोणत्या खाटेचे?"

"माझ्या."

विनीताने चारही दांडे आणले. नथ्थू सुट्टीच्या वेळी परत आला, काही न विचारता दांडे ठोकून रोवले आणि वरून वायर ताणली. मग बाप, लेक आणि माळी असे तिघे मिळून वेल उचलून त्यावर घालू लागले. एक फाटा मोडला. श्रीरंगरावांनी तो मोडलेला तुकडा हातात धरला आणि कुठे ठेवावा हे न सुचून खिशात घातला. शेवटी बेशरमाचं खोड मुळासकट निघालं. नथ्थूने त्याच्या मुळ्या, काड्या, पानं सगळं एका जागी ओढलं. श्रीरंगराव सवयीने नाल्याकडे वळले, तसा तो म्हणाला, "न न बाबूजी, पानी में न डारो. पूरो सुखा कें जला दो." श्रीरंगराव थांबले. फांद्या दगडांवर वाळत घातल्या गेल्या, जमिनीला न टेकता.

संध्याकाळी मोठे साहेब आले, परसाकडे पाहिलं आणि म्हणाले, "व्हेरी नीट." भय्यासाहेबांनी हे श्रेय स्वतःकडे घेतलं आणि घेण्यात त्यांना काही अडचण आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनीताने चहा ठेवला तर बापाचा चेहरा गांधी उठल्याने ओळखू येईना. कपाळ, कान, मानेची मागची बाजू, सगळीकडे लाल, टपोऱ्या. नाला मागेच, डास थंडीतसुद्धा मुक्कामी.

"बाबा, हे काय झालं?"

"चावले ना! काय चावले! एक मिनिट झोप नाही." ते खाजवत होते, चिडले होते, आणि चहाचा घोट घेऊन म्हणाले, "अन् यात साखर कुठे आहे?"

विनीता साखर आणायला आत गेली. तिथे ती जरा जास्तच वेळ राहिली.

लढाई मार्गशीर्षातच आटोपली. कागद खिडक्यांवरून निघाले. वेलावर शेंगा धरल्या, भरल्या, आणि श्रीरंगरावांनी एकही हिरवी शेंग तोडू दिली नाही. राधाबाई वाटी घेऊन आल्या आणि वाटी घेऊन परतल्या. माघात शेंगा वाळून वाऱ्यात वाजायला लागल्या. दाणे सोलले, उन्हात घातले. सुपात जेमतेम तळ झाकेल एवढेच. तांबूस रेघ शाबूत होती.

विनीता राख घेऊन आली. श्रीरंगरावांनी तिला थांबवलं. एकाच डब्यात ठेवलेलं बी एका वर्षाच्या विसरण्यानं जातं, हे त्यांना आता कोणी सांगायला नको होतं. त्यांनी कागदाच्या पुड्या बांधल्या आणि रविवारी कॉलनीत निघाले. राधाबाईंना एक. नथ्थूला एक, त्याच्या मझौलीकडच्या शेतासाठी. शेवटी भय्यासाहेबांच्या दारात.

भय्यासाहेब घरी नव्हते. त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई सासरकडून आलेल्या पाहुण्यांनी वेढलेल्या होत्या. त्यांनी पुडी उलगडून पाहिली. "सुंदर दाणा आहे हो. कोणता वाल म्हणायचा हा?"

त्या काळी त्या कॉलनीत कोणी पुरुष आपल्या बायकोचं नाव घेत नसे, तोंडावर नाही आणि माघारीही नाही. घरातले, मंडळी, विनीताची आई, एवढ्यावर संसार पार पडत. दिवाणखान्यातली पाहुणेमंडळी ऐकत होती.

"विभावरीचा," श्रीरंगराव म्हणाले. मग चपला घातल्या, आणि पायऱ्या उतरताना मधेच उभे राहिले. रुमाल शोधत राहिले, तो खिशात नव्हता.