आधी वाच, मग सही

मला वाचायला लावलं ते इंदूताईंनी. नाहीतर सातवीत शाळा सुटलेली, परभणीकडून डोंबिवलीच्या एमआयडीसीत गोळ्यांची पाकिटं भरायला आलेली मी, पेपरच्या पुरवणीसाठी काय लिहिणार होते? पाच आठवड्यांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या भाच्याचा फोन आला. "मावशी गेली." डबा उघडलेला तसाच राहिला...

कळव्यात त्या माझ्या शेजारी. नोकरी सगळी पोस्टाच्या काउंटरवर झालेली, आणि सवय तिथलीच : कागद मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय कुणाचा अंगठा घ्यायचा नाही. मी खोली घेतली तेव्हा भाडेकरारावर सही करणार, तोच त्यांनी माझा हात धरला. "काय लिहिलंय त्यात?" म्हटलं, "मालक म्हणाले, कर सही." "मालक म्हणतील खाडीत उडी मार. वाच, मोठ्याने!" त्यांचं भिंग घेऊन अडखळत वाचलं. मालक सांगेल त्याच दिवशी खोली सोडायची, असं मधेच बारीक अक्षरात घातलेलं. ताईंनी ती ओळ मालकाच्या हातूनच खोडून घेतली. पुढे त्याने दोनदा भाडेकरू बदलायचं मनात आणलं, पण मी आजही त्याच खोलीत आहे.

मग पेपरात परदेशाशी होणाऱ्या व्यापार कराराची बातमी आली. औषधांबद्दलही अटी असतील, एवढं चार ओळींत. आमच्या कारखान्यात महागड्या परदेशी औषधांच्याच स्वस्त गोळ्या बनतात, या अटींनी त्या बंद पडल्या तर, असं वाटून मी पेपर घेऊन ताईंकडे गेले. ताईंनी माहिती अधिकारात कराराचा मसुदा मागितला. उत्तर आलं : बोलणी गोपनीय आहेत, देता येत नाही. "म्हणजे सही आधी, वाचायचं नंतर," ताई म्हणाल्या. "आणि संसदेत मत घ्यायचं बंधनसुद्धा नाही गं. मग आपण बोटाला शाई लावतो ती कशाला?"

माजिवड्याला आमच्या लोकप्रतिनिधींची सभा होती, तिथे त्या मला घेऊन गेल्या. उठून विचारलं, "साहेब, तुम्ही वाचलाय हा करार?" "अहो मावशी, आमच्यापर्यंत येतोय कुठे! तुम्ही आराम करा, नातवंडं खेळवा." लोक हसले. साहेबही हसले. लाज वाटायच्या जागी माणसाला हसू येतं, हे पाहून मला जी किळस आली ती अजून गेलेली नाही. परतताना ताई म्हणाल्या, "त्याने वाचला नाही, ठीक. वाचायला मागावासाही वाटला नाही त्याला... शिसारी येते."

तेच साहेब शोकसभेला आले. कार्यकर्त्याने छापील शोकठराव पुढे केला, साहेबांनी बोलता बोलता सही ठोकली. मी उठले. "साहेब, मोठ्याने वाचा ना आधी." कार्यकर्त्याने वाचला : 'आदर्श शिक्षिका इंदूताई यांनी पिढ्या घडवल्या...' ताईंनी जन्मात खडू धरला नव्हता. "टायपिंगची चूक आहे," तो माझ्यावरच खेकसला, "आणि आता सही झालीय, ताई!" साहेब तोवर गाडीकडे निघालेले. घोडबंदर रोडला ट्रॅफिक लागतो म्हणे.

भाच्याने ताईंचं भिंग मला दिलं. त्याच्या दांड्यावर पोस्टाच्या शाईचा जुना जांभळा डाग आहे. परवा मी माझ्या नावाने त्याच मसुद्यासाठी अर्ज लिहिला. कारखान्यात कळलं तर काय, ही धाकधूक आहेच. तरी भिंग धरून तीनदा मोठ्याने वाचला, मग सही केली. ताई, तुमचे उपकार याने फिटत नाहीत, ठाऊक आहे. पण तो करार ज्या दिवशी हाती पडेल, त्या दिवशी तुमच्या उंबऱ्यावर बसून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचेन, मोठ्याने. अडखळले तरी मधली एक ओळ सोडणार नाही.