कमलताईंचा दुसरा वॉर्ड

देहूरोडहून कमलताईंचा भाऊ आला तेव्हा मी नवजात बाळांच्या खोलीत वाट्या-चमचे उकळत होते. तो दारातच थांबला. "ताई गेली," एवढंच म्हणाला. कावीळ बळावली होती हे माहीत होतं, तरी... समोरचं बाळ भुकेलं होतं. त्याला पाजलं आणि मगच बाहेर येऊन रडले.

पिंपरीच्या आमच्या रुग्णालयात नर्स म्हणून ताईंची उमेदीची वर्षं पुरुषांच्या अपघात वॉर्डात गेली. भोवती कारखाने उभे राहत होते. प्रेसखाली बोटं गेलेली, भट्टीवर भाजलेली माणसं रोज यायची. ओरडणाऱ्या गड्याला खांदे धरून निजवावं ते ताईंनीच. तिथेच मारुती आला, लातूरकडचा, ओतशाळेत भाजलेला. त्याला पाहून त्याच्या बायकोला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. बाळ जिवंत जन्मलं. ते कापसात गुंडाळून टेबलावर ठेवलं आणि सगळे आईकडे वळले. एवढंसं जगत नाही, असं तेव्हा धरूनच चालायचे. संध्याकाळपर्यंत ते श्वास घेत राहिलं. मारुतीला सांगायचं काम ताईंवर आलं. त्यानं एकच विचारलं, "कुणी हातात घेतलं हुतं का त्याला?" ताईंना खोटं बोलता आलं नाही.

पुढे काचेच्या दोन पेट्या आल्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळांची खोली सुरू झाली. ताईंनी बदली मागितली. "तिथं तुम्ही सगळ्यात नवख्या ठराल," मेट्रन म्हणाल्या. "ठरू द्या," ताई म्हणाल्या. मी वयानं लहान, पण हे काम मुंबईला शिकून आलेली. त्यांना शिकवणं माझ्याकडे आलं. दोऱ्याएवढ्या शिरेत सुई घालताना त्यांना घाम फुटायचा. त्यांच्याकडचं पहिलं बाळ गेलं तेव्हा म्हणाल्या, "मोठी माणसं निदान ओरडतात गं. ही नुसती निळी पडतात." मला वाटलं, आता परत जातील. गेल्या नाहीत.

मारुतीची बायको पुन्हा आली, पुन्हा वेळेआधीच. या वेळी मुलगी. ताईंनी घरी जाणंच सोडलं. पोर तग धरतेय असं वाटायला लागलं आणि जंतुसंसर्ग झाला... ती ताईंच्या मांडीवर गेली. मारुती आखडलेल्या बोटांनी तिचं कपाळ चाचपत म्हणाला, "ताई, हिला मायेचा हात तरी लागला." त्या बोलण्यानं ताईंना थोडं बरं वाटलं असेल, असं मला वाटलं. मी तसं म्हणाले, तर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला ती जिवंत पाहिजे होती."

नंतर काही बाळं वाचलीही. गेलेली जास्त. मग ताईच आजारी पडल्या.

बारसं न झालेल्या बाळाला नाव नसतं. ताई त्या सगळ्यांना, पुरुषांच्या वॉर्डातल्या गड्यांना म्हणायच्या तसंच, 'राव' म्हणायच्या. परवा एक बाळ श्वास घ्यायचं थांबलं. ताई रजेवर गेल्यावर रुजू झालेली एक मुलगी पेटीत हात घालून त्याच्या तळपायावर टिचक्या मारत होती. "घ्या राव, श्वास घ्या... असं करू नका राव." तिनं ताईंना पाहिलेलं नाही. या खोलीत असंच बोलतात, असं तिला वाटतं.