बर्फातला ठसा

पेणहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरने रोह्याच्या स्टँडवर मला हाक मारून सांगितले, "मॅडम, तुमचे एझरासर गेले." बुधवार होता. मी रोह्याला राहत असले, तरी शनिवारी पेणला सरांकडे जाणारच होते... त्यांना एक गोष्ट सांगायची होती.

सर पेणच्या शाळेत आम्हाला इंग्रजी शिकवत. आमच्या मिठागरात राबणाऱ्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि तो अर्जही सरांनीच समोर बसून भरून घेतला. त्यांचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, नातेवाईक एकेक करून परदेशी गेले, सर राहिले. निवृत्तीनंतर भाच्याने तिकडून एक स्वीडिश रहस्यकादंबरी पाठवली, इंग्रजीत उतरलेली. सर ती मराठीत आणू लागले. आठवडाभर लिहायचे आणि शनिवारी ओटीवर मला आणि आईला वाचून दाखवायचे. शनिवार त्यांचा शब्बाथ, विसाव्याचा वार; त्या दिवशी ते पेन धरत नसत. आम्ही शंका काढली की त्या शब्दावर एक चिंचोका ठेवत आणि दुरुस्ती रविवारी करत.

त्या गोठलेल्या मुलखाची गोष्ट आम्हाला इतकी का धरून ठेवी, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्यातला पोलीस बंदूक काढत नाही. थकलेला, दारोदार विचारत फिरतो, उभ्यानेच थंडगार पाव खातो. एकदा आईला राहवले नाही. "सर, त्याला कुनी जेवायला बस म्हनत नाय काय?"

"वहिनी, त्या गावात कुणी कुणाला बस म्हणत नाही. म्हणून तर त्या म्हातारीचा खून आठ दिवस कळला नाही."

पुढच्या शनिवारी आईने तांदळाच्या भाकऱ्या बांधून नेल्या. "पोलिसाला नाय, तर तुमाला तरी."

अडले ते ठशापाशी. पुस्तकात होते, उन्हाने बर्फातला बुटाचा ठसा मोठा झाला. आई म्हणाली, "असा कसा? चिखलातला ठसा सुकला की आखडतो. माझी हयात मिठागरात गेली." बर्फ पडलेला आम्ही तिघांनीही पाहिला नव्हता. सरांनी छपाईची चूक मानून 'आखडला' असे लिहिले. मग शेवट काही केल्या जुळेना. त्या मोठ्या ठशावरून पोलीस धिप्पाड माणूस शोधत राहतो आणि खुनी निघतो अगदी किरकोळ अंगाचा... "एवढं पुस्तक पुरं झालं की मी मोकळा," सर म्हणत. चार महिने त्या शब्दावर चिंचोका होता.

सर गेले त्याच आठवड्यातल्या सोमवारी रोह्याच्या मासळीबाजारात मी पाटीतल्या बर्फाच्या चुऱ्यात सहज बोट रुतवले. भाव करेपर्यंत ऊन लागून ती खूण अंगठा मावेल एवढी झाली होती. पेणची गाडी समोरच उभी होती. मी म्हटले, शनिवारी सांगू.

महिन्याभराने शेजाऱ्यांनी सरांची वही माझ्या हाती दिली, पानावरच्या चिंचोक्यासकट. उचलला, तर 'आखडला'भोवती त्याच्याएवढा कागद अजून पांढरा होता. आई शेजारी बसली होती. "लिव गो. चूक माझी व्हती."

मी पेनचे टोपण काढले... आणि परत लावले.

"काय झाला?"

"आज शनवार हाय," मी म्हटले, आणि चिंचोका होता तिथे ठेवला.