अकरा आणि बाराच्या मध्ये

१९९७ सालच्या जुलैमधला दुसरा रविवार, दुपारचे चार, बंगळुरातला एक पब. पहिल्या संघाला बक्षीस रोख बाराशे रुपये, दुसऱ्याला काही नाही. आमच्या टेबलावर हजर चौघे: मी, माझी बायको, पुण्याहून नुकताच बंगळुरात नोकरीला आलेला माझा चुलतभाऊ आणि त्याच्या ऑफिसातला एक मित्र. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे हा प्रसंग चारचौघांत सांगताना चुलतभावाने बक्षीस दोन हजारांवर नेलं आणि माझ्या बायकोला टेबलावरून उठवूनच टाकलं. ती होती. माझ्या उजव्या हाताला बसली होती.

त्या पबमध्ये दर रविवारी दुपारी सामान्यज्ञानाची स्पर्धा व्हायची. चाळीस प्रश्न, संघ चौघांचाच हवा, उत्तरं कागदावर. शेवटी कागद शेजारच्या टेबलाशी बदलायचे आणि एकमेकांचे तपासायचे. प्रश्न विचारणारा तिशीतला, जाहिरातीच्या धंद्यातला, हातात कार्डांचा गठ्ठा. कागदाच्या तळाशी छापलेलं: प्रश्नकर्त्याचा निर्णय अंतिम.

आम्हाला चौथा माणूस मिळत नव्हता म्हणून चुलतभावाने बायकोला गळ घातली. "वहिनी, नुसतं बसायचंय. खारे दाणे खा, लिंबूसोडा प्या. डोकं आम्ही चालवतो."

"सरी, बरं," ती म्हणाली. "बसायला येतं मला."

तिचं माहेर इथल्याच चामराजपेटचं. तिच्या घरचे लोक इथे इतक्या पिढ्यांपूर्वी आले की मूळ गाव कुणाला सांगता येत नाही. तिच्या वडिलांचं, अण्णांचं, घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. तिच्या मराठीत कन्नड सहज मिसळतं, आणि आमच्या घरात त्याची थट्टा चालायची. चुलतभाऊ तर तिचं "स्वल्प थांबा" तिच्यासमोर म्हणून दाखवायचा. मीही हसायचो. मूळचा पुण्याचा ना मी.

बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात होतो. मोजमाप हे माझं काम, त्यामुळे आकड्यांचे प्रश्न माझ्याकडे. बुद्धिबळाच्या पटावर लहानमोठे सगळे मिळून चौरस किती, हे विचारलं तेव्हा बाकीचे चौसष्ट लिहायला निघाले होते. मी दोनशे चार लिहायला लावलं आणि ते बरोबर निघालं. चुलतभावाने पाठीवर थाप मारली. "दादा, तू म्हणजे चालतंबोलतं गणित आहेस!" ती थाप मला चढली. बिअर एकच ग्लास घेतली होती, तेव्हा दोष तिला देत नाही.

पस्तिसावा प्रश्न: चोवीस तासांत घड्याळाचे तासकाटा आणि मिनिटकाटा एकमेकांवर किती वेळा येतात?

बायकोने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि बावीस लिहिलं. त्या दिवशी तिने लिहिलेली ती एकच गोष्ट.

"अगं, तासाला एकदा. चोवीस तास, चोवीस वेळा," मी म्हणालो.

"नाही हो. अकरा आणि बाराच्या मध्ये गाठ पडतच नाही. ती बाराला पडते. बारा तासांत अकराच."

"वहिनी, तो एक तास काटे सुट्टीवर जातात का?" चुलतभाऊ म्हणाला. मित्र हसला.

"स्वल्प ऐका तरी..."

मी ऐकलं नाही. गणित करायला अर्धं मिनिटही लागलं नसतं, तेही केलं नाही. बावीसवर आडवी रेघ मारली आणि शेजारी चोवीस लिहिलं. रेघ सरळ आली होती, एवढं मला आठवतं.

उत्तरं वाचताना प्रश्नकर्त्याने कार्ड बघितलं आणि म्हणाला, चोवीस. शेजारच्या टेबलावर एक निवृत्त शाळामास्तर आपल्या दोन मुली आणि जावयाबरोबर बसले होते. ते उठून उभे राहिले. "बावीस. तुमचं कार्ड चुकलंय. मी इथल्या इथे सिद्ध करून दाखवतो."

"सर, दिवसाचे तास चोवीस आहेत," प्रश्नकर्ता माइकवर म्हणाला. "तुमच्यासाठी दोन कमी करू का?"

सगळा पब हसला. मास्तर बसले. मी हसलो, आणि मोठ्याने हसलो. बायको हसली नाही. तिने लिंबूसोड्याचा ग्लास लांब सरकवला आणि जाईपर्यंत त्याला हात लावला नाही.

आम्हाला एकतीस गुण, मास्तरांना तीस. बाराशे रुपये पाकिटातून मिळाले. प्रत्येकी तीनशे वाटले. बायकोने तिचे घेतले नाहीत. "माझं उत्तर खोडलंत ना? मग पैसे कसले?"

जे. पी. नगरला घरी पोचलो. तिने चपला काढल्या, स्टूल घेतलं, भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि माझ्यासमोर टेबलावर उपडं ठेवून मागचं झाकण उघडलं. मग ते सुलटं करून माझ्या हातात दिलं.

"काटे बसवले की अण्णा ते पूर्ण बारा तास फिरवून बघायचे. एकमेकांना घासतात का म्हणून. मी शेजारी बसून प्रत्येक गाठ मोजायची. दर घड्याळाला अकरा. शेकडो घड्याळं मोजलीत मी. फिरवा. मागची चावी आहे, हळू फिरवा. सुरुवातीचे बारा सोडून मोजा."

मी फिरवलं. एक वाजून पाच मिनिटांनी पहिली गाठ. दोन दहाला दुसरी. कागदावर रेघा ओढत गेलो. दहा चोपन्नला दहावी. अकरा वाजले, मिनिटकाटा पुढे सरकत राहिला, तासकाटाही त्याच्यापुढे सरकत राहिला, आणि थेट बाराला दोघे भेटले. अकरा. पुन्हा फिरवलं, पुन्हा अकरा.

"बावीस," मी म्हणालो.

"हे मी तिथे सांगितलं होतं."

"चुकलं माझं. पैसे परत करतो."

"करा नाहीतर करू नका," ती म्हणाली. तिचा आवाज चढला तसा मी क्वचितच ऐकला होता. "त्याच लोकांसमोर सांगा, की माझी बायको बावीस म्हणाली होती आणि मी खोडलं. तो प्रश्नकर्ता निदान कागदावर छापतो, निर्णय अंतिम म्हणून. तुम्ही तर तेही छापत नाही."

रात्रभर मी चिडलेला होतो. आधी तिच्यावर, कारण ते सोपं होतं. मग चुलतभावावर. पहाटे कधीतरी माझ्यावर, आणि तो राग गेला नाही. कारखान्यात मी एका चुकीच्या मापावरून अख्खा लॉट परत पाठवत असे, आणि इथे सोबत बसलेल्या माणसाचं माप न घेताच नापास केलं होतं.

चुलतभावाला सोमवारी फोन केला. "दादा, करमणूक असते रे ती! मी माझ्या तीनशेचे बूट घेतले. आणि वहिनीचं काय इतकं मनावर घेतोस?" मी फोन आपटला.

पुढच्या रविवारी चारच्या आधी मी आणि बायको पबमध्ये गेलो. मी घरातलं घड्याळ पिशवीत घेतलं होतं. टेबलं भरली होती, मास्तरही आपल्या जागी होते, प्रश्नकर्ता कार्डं लावत होता. त्याला सगळं सांगितलं, रेघांचा कागद दाखवला, घड्याळ पुढे केलं.

त्याने घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही. "अंकल, तुम्ही जिंकलात ना? मग तक्रार कसली?"

"उत्तर चूक आहे. माइकवर सांगा."

"असं दर आठवड्याला केलं तर स्पर्धा कोण घेईल? निर्णय अंतिम असतो. एक बिअर माझ्याकडून घ्या."

"मला बिअर नको. त्या मास्तरांना तुम्ही सगळ्यांसमोर हसलात."

"तुम्हीही हसलात," तो म्हणाला. "मी बघितलं."

हे त्याचं एकच वाक्य बरोबर होतं, आणि त्याचाच मला सगळ्यांत जास्त संताप आला. माइक त्याने दिला नाही. तेव्हा मी टेबलांच्या मधोमध उभा राहिलो आणि कारखान्यात यंत्रांच्या आवाजावर बोलतो तसा बोललो. मागच्या रविवारच्या पस्तिसाव्या प्रश्नाचं उत्तर बावीस आहे. माझ्या बायकोने ते कागदावर लिहिलं होतं. ते मी खोडलं. आम्ही जिंकलेलो नाही, हे मास्तर जिंकलेत.

काही जण हसले. कुणीतरी ग्लास टेबलावर वाजवला. "बस करा आता," प्रश्नकर्ता माइकवर म्हणाला आणि पहिला प्रश्न वाचायला लागला. मी बाराशे रुपये मास्तरांच्या टेबलावर ठेवले. सगळे माझ्या खिशातले. चुलतभावाकडून आणि त्याच्या मित्राकडून आजतागायत एक रुपया आलेला नाही.

मास्तरांनी नोटांना हात लावला नाही. ते माझ्याकडे न बघता बायकोकडे वळले आणि कन्नडमध्ये बोलले. "अक्का, तुमचा कागद मीच तपासला होता. बावीस लिहून खोडलेलं होतं. कुणी खोडलं, हे मला तेव्हाच विचारायचं होतं. तुम्हाला कसं ठाऊक?"

"वडील घड्याळं दुरुस्त करायचे. मी मोजायची."

"बरोबर," ते म्हणाले. "मोजणाऱ्यालाच कळतं." मग त्यांनी नोटा मोजल्या, नऊशे खिशात टाकले, तीनशे तिच्यापुढे सरकवले. "हा तुमच्या उत्तराचा वाटा."

मी म्हणालो, "अहो, सगळे तुमचेच."

"तुम्हाला कोण विचारतंय?" बायको म्हणाली, आणि पैसे पर्समध्ये ठेवले.

तर शेवटी दिलं गेलं ते असं: नऊशे रुपये मास्तरांना, तीनशे माझ्या बायकोला.