ट्रंपेटच्या तोंडावरचा हात

वकीलसाहेबांनी माझ्या ट्रंपेटच्या तोंडावर तळहात दाबला. मी फुंकत होतो. ट्रंपेट मागं आलं अन् वरचा ओठ दातावर फाटला. तोंडात रगत आलं. साहेबांनी हात काढला. खिशातून रुमाल काढला. तळहात पुसला, एकेक बोट पुसलं, अन् रुमाल तिथंच टाकून दिला.

"हे नको," ते म्हणाले. "लग्नातलं वाजव. पाहुणे येताहेत."

परभणीतल्या एका सभागृहाच्या फाटकात, भर उजेडात, शिकल्यासवरल्या लोकांसमोर हे झालं. लोक रुमाल ओलांडून आत गेले.

आमी मांग. गावात हलगी आमच्याकडं, सनई आमच्याकडं. आबानं, म्हणजे माझ्या बापानं, बँड काढला अन् माझ्या हातात ट्रंपेट दिलं. लग्नात मारुतीपर्यंत वाजवत जायचं. नवरदेव आत, आमी बाहेर. जेवण सगळ्यात शेवटी, मांडवाच्या मागं. मला वाटायचं, दुनिया अशीच असती.

जाझ मी मोबाईलवर ऐकलं. एक काळा माणूस डोळे मिटून ट्रंपेट वाजवत होता. आमच्यासारखंच ट्रंपेट, पण ते कुणाला नाचवत नव्हतं. सूर मधीच मोडायचा, थांबायचा, भलतीकडूनच परत यायचा. मला काही कळलं न्हाई, पण दिवसभर जेवण गोड लागलं न्हाई. मग शोधून शोधून ऐकत गेलो. कुठंतरी वाचलं, अमेरिकेतली ही काळी माणसं गोऱ्यांच्या हॉटेलात वाजवायची, पण त्यांना आत घ्यायचे मागच्या दारानं. त्यानंतर मी पहिल्यांदा मारुतीच्या पायरीकडं रागानं बघितलं.

माझा मेहुणा येलदरीला राहायचा. हलगी वाजवावी तर त्यानंच. आमी धरणाच्या पाण्याकडं तोंड करून बसायचो अन् मोबाईलवर ऐकलेल्या त्या जाझच्या रचना आपल्या अंगानं लावायचो. एक लय संथ रचना होती. तिच्याखाली मेहुण्यानं मयतीपुढची हलगी धरली. सूर तेच, पण आता ते आमच्या मांगवाड्यातून चालायला लागले. वाजवता वाजवता तो थांबला.

"दाजी, हे आपल्याच माणसाचं हाय," म्हणाला.

वकीलसाहेबांचं एक संगीत मंडळ होतं. जाझचा कार्यक्रम ठरला. साहेबांनी मला एका लग्नात ऐकलेलं. आबाकडं सांगावा आला, पोराला ट्रंपेट घेऊन पाठवा. मी पांढरा सदरा इस्त्री केला. मेहुण्याला बोलावलं. स्टेजवर पहिल्यांदा काय वाजवायचं ते ठरवत आमी दोघं गेलो.

फाटकात आबा उभा. लाल कोट घातलेला, मागं सगळा बँड. त्यानं माझा कोट पुढं केला. मागनं सगळ्या बँडलाच सांगावा गेला होता, पाहुण्यांचं स्वागत करायला. स्टेजवर पुण्याची पार्टी वाजवणार होती.

मी कोट घातला न्हाई. तिथंच ती संथ रचना सुरू केली. मेहुण्यानं हलगी धरली. आत जाणारी दोन-चार माणसं थांबली. तेवढ्यात तो तळहात आला.

लग्नातलं वाजव म्हणल्यावर मी तोंडातलं रगत थुंकलं.

"न्हाई वाजवत," म्हणालो.

आबा पुढं आला, पोटाकडं बघ म्हणाला. मी बघितलं न्हाई. मग तो साहेबांच्या पाया पडायला वाकला. साहेब पटकन मागं सरकले. शिवू नये म्हणून. माझा बाप हात पसरून हवेतच वाकलेला राहिला.

आत ट्रंपेट सुरू झालं. तीच रचना. मी रस्त्यावर उभा राहून ऐकली. चांगली वाजवली त्यांनी. टाळ्या पडल्या.

ओठाला टाके पडले. वरचे सूर आता लागत न्हाईत, हवाच निघती. लोक आधी म्हणायचे, त्या पोराला आणू नका. मग बँडच बोलवायचे बंद झाले. मेहुणा काम बघायला पुण्याला गेला, हलगी घरी ठेवून. मी मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलतो. आबा माझ्याशी बोलत न्हाई. बोलंल असं वाटतही न्हाई.

परवा गावातून माणूस आला. पाटलाच्या नातवाचं लग्न हाय, झालं गेलं विसरा, वाजवायला या. आबा लगेच उठला.

मी त्या माणसाला म्हणालो, "मांडवात खुर्चीवर बसवून ऐकणार असाल तर येतो. न्हाईतर न्हाई."

तो हसला अन् गाडीला किक मारून गेला. आबा परत भिंतीकडं तोंड करून बसला.

खुर्ची मिळणार न्हाई, मला माहीत हाय. ओठ पहिल्यासारखा होणार न्हाई, तेही माहीत हाय. एक दिवस फुंकायचं पार बंद होईल. होऊ द्या. पाठीवर पोतं घेऊन मरंन, पण कुणाच्या दारात उभा राहून वाजवणार न्हाई.