चटणीतला खड्डा

एकोणीसशे साठच्या सुमारास बंगळूरच्या आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये विजापूरकडचा एक फिटर माझ्यासमोर जेवायला बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. सांबारभाताशेजारी तो घरची जवसाची चटणी वाढून घ्यायचा, अंगठ्यानं तिच्यात खड्डा करायचा आणि खिशातल्या बाटलीतलं कच्चं तेल ओतायचा.

"जवस आन् तेल पोटात जाऊ द्या, अण्णा. कोरडं खाणारा माणूस लवकर वाळतो," असं मला रोज बजावायचा.

मध्ये काही दिवस तो आला नाही. आला तो चटणीशिवाय. "बायको वारली," म्हणाला आणि नुसता भात जेवला.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या घरची जवसाची चटणी नेली. त्यानं खड्डा केला, तेल ओतलं, घास घेतला आणि थांबला.

"हिच्यात साखर?"

"बायको पुण्याची," मी म्हणालो.

त्यानं तेलाची बाटली माझ्याकडे सरकवली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.