आरपार गेलेला बाण

रिटायर झाल्यावर आमच्या ह्यांनी टोमॅटो लावावेत, ब्रिज खेळावा, गेला बाजार बेसमेंट आवरावं, एवढीच माझी अपेक्षा होती. हे घेऊन आले धनुष्यबाण! इकडे परदेशात, रेजिना शहरात, जन्मभर सरकारी खात्यात पुलांची गणितं केलेला माणूस एकदा शेजाऱ्याबरोबर काय गेला, नि हरणाच्या शिकारीचं खूळच डोक्यात घेऊन आला.

आम्ही मटण खाणारी माणसं, तेव्हा हरणाचं वावडं नव्हतं. पण मी एक अट घातली. "आणलंत तर रांधीन. पण जनावर जखमी होऊन कुठं झाडीत तळमळत पडलं, तर त्याच दिवशी ते धनुष्य, तुमचा तो बो, घराबाहेर. मग मला 'अगं ऐक ना' करायचं नाही."

"अगं, म्हणून तर अभ्यास करतोय," हे म्हणाले.

अभ्यास! देवा रे. ह्यांचा खांदा धरलेला, त्यामुळे बो फार ताणायचा नाही. मग कमी जोरातही बाण आरपार कसा जाईल, हाच चहाला विषय, हाच जेवणाला. आधी हरणाला लागल्यावर छत्रीसारखी उघडणारी पाती आणली. मग म्हणे, आपला जोर ती उघडण्यातच खर्च होतो, आत काय जाणार? ती गेली ड्रॉवरमध्ये. मग हलके, सुसाट जाणारे बाण आणले. तेही नापास.

"ग्रोसरीची रिकामी ट्रॉली अंगावर आली तर हातानं थांबवशील. भरलेली थांबवशील का?"

"अहो, मी बाजूला होईन."

शेवटी जड बाण, पुढच्या टोकाला वजन, आणि त्यावर दोनच धारांचं अरुंद, घट्ट बसवलेलं पातं, असं ठरलं. मग ती पाती घासणं सुरू. धार बघायला हातावरचे केस भादरायचे. डावा हात कसर लागलेल्या शालीसारखा दिसायला लागला. बेसमेंटमध्ये फोमचा ठोकळा मांडून नेम धरायचे, आणि त्यामागे काय लावलं होतं, तर माझी गोधडी! आईच्या नऊवारीची!

"बघ, ठोकळा पार करून गोधडीतून पण बाहेर!" असे हसत वर आले. मी त्या दिवशी फक्त खिचडी टाकली.

२०१७ साली दसरा सप्टेंबरच्या शेवटीच आला. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. इतकी वर्षं मी विळी, स्क्रू ड्रायव्हर नि बर्फ उपसायचं स्नो शोव्हल मांडत आले. त्या वर्षी ह्यांनी सगळे बाण पाटावर ओळीनं मांडले. मी म्हटलं, "एकाला हळदकुंकू वाहा, बाकीच्यांना पोचतं." पण इंजिनिअर ना! प्रत्येक बाणाला पिसांपाशी ओल्या हळदीचं बोट, कुंकवाचं बोट, वर अक्षता. "वगळलेलाच नेमका वापरायची वेळ आली तर?" म्हणे.

दसऱ्याला पहाटे सीमोल्लंघनाला म्हणून आम्ही निघालो. शहराबाहेर तासाभरावर एका शेतकऱ्यानं ह्यांना शिकारीची परवानगी दिली होती. दुपारी इथल्या मराठी मंडळींकडे जेवण होतं, तिथे परस्पर जायचं, म्हणून मीही बरोबर. कूलरमध्ये श्रीखंडाचा डबा. हे पॉप्लरच्या झाडीत गेले, मी व्हॅनमध्ये हीटर लावून बसले.

उन्हं वर आली आणि हे परत आले. तोंड पांढरंफटक. हातात बाण.

"लागला. आरपार जाऊन पलीकडे जमिनीत रुतला होता. पण..." त्यांनी बाण जरा वर केला. दवानं ओला, त्यावर तांबडे ओघळ आणि तांबड्यात पिवळट. "हे पिवळं म्हणजे पोटात लागलाय गं."

मी हात पुढे केला तर, "हात नको लावूस, पुरावा आहे!" लगेच ग्रोसरीच्या पिशवीत गुंडाळला. मग शेजाऱ्याला फोन.

"पिवळट? मग पोटच," पलीकडून शेजारी म्हणाला. "डोन्ट पुश हिम. आत्ता मागे गेलात तर तो जखमी असाच मैलभर पळेल. थांबा."

थांबलो. त्या व्हॅनमध्ये किती वेळ बसलो, विचारू नका. पोट फाटलेलं ते मुकं जनावर कुठंतरी बसलं असेल, हेच सारखं डोळ्यांपुढे येत होतं. हे नुसते स्टीअरिंगवर बोटं आपटत होते.

"बो नेऊन देतो शेजाऱ्याला," हे हळूच म्हणाले.

मग दोघं शोधायला गेलो. माझे गुडघे, ती ओली पानं, ते काटे! एकेक पान उलटून पाहिलं. रक्ताचा थेंब नाही. जिथे बाण रुतला होता, तिथेही नाही. असं कसं होईल? जनावर आरपार फाटलं आणि गवतावर ठिपका नाही?

"आणा इकडे तो बाण."

"अगं, पुरावा..."

"आणा म्हणते ना!"

पिशवी सोडली, चष्मा लावला. पिसांच्या फटीत काहीतरी पांढरं अडकलं होतं. नखानं काढलं. तांदळाचा दाणा. बाण नाकाशी नेला, तर आमच्या देवघराचा वास.

"अहो," मी म्हटलं, "हरणानं काल पूजा केली होती का?"

ह्यांनी दाणा हातात घेतला. बाणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तिथेच ओल्या गवतात फतकल मारून बसले. नेम साफ चुकला होता. हरीण धड होतं, कदाचित आमच्या मागूनच आमचा तमाशा बघत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, नि त्याच वेळी तो बाण ह्यांच्या पाठीत घालावासा वाटला.

"म्हणजे बो राहिला ना घरात?"

"राहिला. पण पूजेनंतर बाण धुवायचे. साबणानं."

जेवणं केव्हाच उरकली असणार. व्हॅनमध्ये बसून आम्ही डब्यातूनच श्रीखंड खाल्लं. एकच चमचा होता. दोन घास गेले असतील, नि ह्यांनी चमचा हवेत धरला.

"पण एक बघितलंस का? जमिनीत किती खोल रुतला होता!"

मी चमचा काढून घेतला.